डाग आतल्या बाजूला

गेंटमधल्या तिसऱ्या दिवशी, पहाटे तीनला,
शाल्मलीने आदल्या दिवसाचं सगळं बेल्जियम
पांढऱ्या चादरीवर परत केलं:
वाफल, चॉकलेट, स्ट्रॉबेऱ्या,
आणि तळलेल्या बटाट्याची ती शेवटची काडी
जी खाऊ नको म्हणून मी तीनदा बजावलं होतं.

चादर आमची नव्हती. घरमालकाच्या यादीत,
चौथ्या कलमात, डागांचा दंड जाड अक्षरांत होता.
सकाळी सुहृदने मोबाइल उघडला.
दहा दिवस, चार देश, रंगीत रकाने.
आजच्या रकान्यात: किल्ला, नऊ ते अकरा,
चर्चमधलं चित्र, सव्वाअकरा, तिकिटं काढलेली,
मग बोट.
"तू निमिषला घेऊन जा," मी म्हटलं,
आणि मला जरा बरंच वाटलं, हेही लिहून ठेवते.

ट्रॅमच्या रुळांपलीकडे धुलाईचं दुकान.
आत सहा यंत्रं, एक बाक,
आणि नाणी न घेणारी एक पेटी.
तिला टोकनं हवी होती. ती कुठे मिळतात
हे ज्या भाषेत लिहिलं होतं
तिच्यातलं मला फक्त "नाही" कळत होतं.

बाकावर एक बाई, सत्तरीच्या,
पायांत घरातल्या सपाता, मांडीवर कोबीची पिशवी.
त्यांनी खिशातून टोकन काढून माझ्यापुढे धरलं
आणि मी पैसे द्यायला गेले तर
माशी वारावी तसा हात हलवला.
"गोडेलीव," छातीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या.
गोड तर आहातच, मी मनात म्हटलं.
पण ते त्यांना सांगणार कसं?
काही विनोदांचा व्हिसा निघत नाही.

चाळीस मिनिटं.
शाल्मली यंत्राच्या गोल काचेला नाक लावून.
चादर वर जायची, धपकन खाली यायची.
"आई, कोलांट्या मारतेय ती!"
मग गोडेलीवही वाकल्या, गुडघा धरून,
आणि दोघी बघत राहिल्या,
एक मराठीत बोलत, एक फ्लेमिशमध्ये,
दोघींचं छान चाललेलं.
मला कुणी काही विचारत नव्हतं.
कित्येक दिवसांनी माझे हात रिकामे होते.
कुठे ठेवायचे ते कळेना.

मग त्यांनी पाकिटातला फोटो दाखवला,
कडा पांढऱ्या पडलेल्या.
तीन मुलगे, समुद्र, एक कुत्रा.
एकेकावर बोट ठेवत: ऑस्लो. पर्थ.
तिसऱ्यावर बोट थांबलं,
आणि सरळ कुत्र्यावर गेलं.
"मॅक्स," त्या म्हणाल्या.
मी विचारलं नाही. विचारायला शब्द नव्हते,
आणि असते तरी.

चादर निघाली, ऊन ऊन.
मी एकटीच घडी घालू लागले,
हनुवटीखाली टोक धरून, नेहमीसारखी.
गोडेलीवनी दुसरी बाजू उचलली.
हे कुणी कुणाला शिकवत नाही:
ताणायची, झटकायची, चालत पुढे यायचं,
टोकं समोरच्या हातात द्यायची,
वाकून मधली घडी उचलायची, पुन्हा मागे.
तीनदा आम्ही समोरासमोर आलो.
तिसऱ्यांदा इतक्या जवळ
की त्यांच्या चष्म्यावरचा पिठाचा ठिपका दिसला.

डाग राहिलाच होता. फिकट गुलाबी, रुपयाएवढा.
त्यांनी घडी उलटी केली, डाग आत गेला,
आणि माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं
की चौथं कलम तिथल्या तिथे रद्द.

दुपारी बापलेक आले, भिजलेले.
निमिषला किल्ल्यातलं एकच आवडलं होतं:
भिंतीतला संडास,
जिथून सगळं थेट खाली खंदकात पडायचं.
हे त्याने जेवताना दोनदा सांगितलं.
"आणि चित्र?"
"रांग होती," सुहृद म्हणाला,
आणि बोटाने रकाना पुसला.

रात्री शाल्मलीला निजवलं.
चादर हुंगत, डोळे मिटत ती पुटपुटली,
"दमलीये ही."
मी डागाची बाजू पायांकडे केली
आणि दिवा मालवला.