शेपटीच्या मुळाशी

जुलै महिना. लोबोसच्या पलीकडे
गवतावर कडक हिंव.
नेमेसिओ घोडीच्या तोंडाशी उभा,
तिचा एक कान त्याच्या मुठीत.
मी मागे, शेपटीच्या मुळाशी.
वस्तऱ्यानं बशीएवढी जागा उघडी केलेली.

“पंधरा ग्रॅम फक्त,” मी म्हटलं. “तिला कळणारही नाही.”
“बावीस वर्षांची आहे,” तो म्हणाला.
“तिला सगळं कळतं.”

चरबी निघाली पिवळसर,
भांड्याच्या कडेला राहिलेल्या लोण्यासारखी.
त्यानं वाकून पाहिली, जवळजवळ हुंगली.
“ही डिसेंबरातली. लसूणघास फार छान आला होता.”

पोलोच्या मैदानावर होती
तोवर अंगाला काही लागलं नाही तिच्या.
सात मिनिटं जिवाच्या आकांतानं पळायचं,
उतरायचं, घाम पुसायचा, पुन्हा उभं राहायचं.
म्हातारपणी कुठं जरा अंग धरलं
आणि आम्ही नेमकं तेच मागायला आलो.

गाडीच्या आडोशाला, मातेचा तुंबा फिरत असताना
मी त्याला सांगितलं:
कातडीची पेशी हट्टी. ती कातडी होऊन बसलेली.
दुसऱ्या घोडीच्या पोकळ केलेल्या अंड्यात घालून
तिला म्हणायचं, विसर.
ती विसरते, पण अर्धंमुर्धं.
मग शिंगरू पोटातच थांबतं.
अशी अकरा मी
बरणीत पाहिली आहेत.

पण चरबीत, तेलाच्या थेंबांच्या आड
काही पेशी अजून कुणीच झालेल्या नसतात.
हाड, कूर्चा, मेद, काहीच ठरलेलं नाही.
मूळपेशी म्हणतात त्यांना.
विसरायला त्यांच्याकडे फारसं नसतं.

“म्हणजे माझा मेहुणा,” नेमेसिओ म्हणाला
आणि इतका हसला की घोडीनं मान वर केली.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबरात,
एका तांबड्या, परक्या घोडीला
शिंगरू झालं. काळंभोर.
मालकाचा फोन आला: रंग चुकला का?
घोडीचं नाव सेनिसा, म्हणजे राख,
आणि ती होतीही तशीच, शेपटीच्या टोकापर्यंत.
मी उत्तर जुळवत होते.
नेमेसिओनं फोन माझ्या हातातून घेतला.
“हीसुद्धा काळीच जन्मली होती, साहेब.
मीच पुसली होती.
राख मागाहून होते.”

फोन परत दिला. मग
बादलीचं पत्र्याचं झाकण उचलून
शिंगराच्या मागे फरशीवर टाकलं, मुद्दाम.
त्याच आवाजाला सेनिसा तिसऱ्या वर्षी उधळली होती;
त्याचा उजवा खांदा अजून पुरता वर जात नाही.

शिंगरानं एक कान वळवला.
पुन्हा आचळाला लागलं.

तो थोडा वेळ तिथंच थांबला.
मग वाकून, डाव्या हातानं
झाकण उचललं
आणि गाडीत, पोत्यांच्या खाली,
अगदी खाली ठेवलं.