आकडी

पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये माझं काम
खोक्यांवर स्टिकर लावायचं.
वर 'नाशिक, इंडिया', खाली 'ग्रेप्स'.
एका रात्रपाळीत हिशोब केला :
हंगामात हा शब्द मी लाखभर वेळा
अंगठ्याने दाबून बसवते,
कोपरे न मुडपता.

म्हणून शोधलं, आला तरी कुठून.
निरगुडे साहेब जेवायला गेले होते,
त्यांच्याच कॉम्प्युटरवर.

तर मुळात ग्रेप म्हणजे द्राक्ष नव्हेच.
मुळात ती आकडी.
वेलीवरचा घड ओढून घ्यायची.
आकडीचं नाव लागलं घडाला,
घडाचं एकेका मण्याला,
आणि आकडी राहिली बाजूला
भिंतीला टेकून.
इंग्रजांचा आधीचा शब्द होता
'दारूचं बोर', असा काहीतरी.
फ्रेंच आकडीनं तेही खाली पाडलं.

चहाच्या सुट्टीत हे जिवलीबाई भोयेंना सांगितलं.
सुरगाण्याच्या त्या. विरळणीपासून मळ्यात,
आता तोडणी, मग इथे देठ साफ करायला.
फुंकर मारत म्हणाल्या,
"बराबर हाय की.
तोडणाऱ्याचं नाव पयलं."
मग ओच्यातून कात्री काढली,
एका मुठीला चिंधी गुंडाळलेली,
माझ्यासमोर धरली :
"हिचं नाव कशाला लागंल?"

मला उत्तर आलं नाही.
बर्फासारख्या खोलीत परत जाताना वाटलं,
आपली आकडी तरी कुठे सरळ राहिली.
वाढून आकडा झाली.
गणपतीत आमच्या गल्लीत तारेवर टाकतात तो आकडा,
आणि निरगुडे साहेबांच्या फळ्यावरचे आकडे :
मणी अठरा मिलिमीटर, गोडी अठरा,
औषधाचा अंश शून्य पॉइंट शून्य एक.
एक जरी हुकला
तरी अख्खा कंटेनर परत.

महिन्याभराने रॉटरडॅमला कोणी
फ्रीज उघडून एक मणी तोंडात टाकेल,
थंड, गोड, बिनबियांचा.
नावातलं लोखंड
त्याच्या दाताला लागायचं नाही.

पहाटे चारला शेवटचं खोकं.
जिवलीबाई देठ झाडून उठल्या,
कात्री पुन्हा ओच्यात.
स्टिकर वाकडा बसला.
उचकटून नीट लावता आला असता.

नाही लावला.