सेकंद काटा नसलेली

चौतीस वर्षं सिव्हिलला काढली मी, परभणीत.
मनगटाच्या आतल्या अंगाला एचएमटी,
तिचा लाल सेकंद काटा,
आणि तीन बोटांखाली कुणाची तरी नाडी.
अर्धा मिनिट मोजायचं, दुप्पट करायचं, कागदावर लिहायचं.
बाळ झालं की बाप विचारायचा, मुलगा का मुलगी,
आणि लगेच, किती वाजून किती मिनिटांनी.
गेलेल्याची वेळ कुणी विचारायचं नाही.
ती मीच लिहायची.

रिटायर झाले, फंडाचे पैसे आले,
सुनेला वाटलं, आता पाटल्या होतील.
मी जालन्याला गेले
आणि मोंढ्यामागच्या भंगारवाल्याकडून
सुपारीच्या खांडाएवढं हलकं
एक स्विस घड्याळ घेऊन आले.
त्याला आता नऊ वर्षं झाली.

इंजेक्शनच्या रिकाम्या खोक्यात, कापसाच्या घडीवर
अकरा निजलीत.
सगळी समारंभी. लग्नात, दरबारात, फोटोपुरती घालायची,
शेरवानीच्या बाहीखाली अलगद सरकणारी.
एकालाही सेकंद काटा नाही.
असला तर मी घेतच नाही.
पुण्याचा व्यापारी फोनवर समजावतो,
मावशी, छोट्या सेकंदवाल्यांना भाव जास्त.
असू दे बाबा.

बारावं मानवतचं.
जिनिंगच्या मुनिमाच्या नातवानं रुमालातून काढलं.
उभट चौकोनी, पट्ट्यासाठी तारेच्या कड्या,
डायलवर चहा सांडल्यासारखा डाग,
सातचा आकडा जवळजवळ गेलेला,
काटे मात्र अजून जांभळाच्या सालीसारखे.

स्टेशन रोडचे बशीरोद्दीन म्हणाले,
"सिस्टर, डायल मुंबईला पाठवतो,
आठ दिवसांत कोरं करकरीत."
मी म्हटलं, नको.
म्हाताऱ्या माणसाला पावडर थापून
पाहुण्यांपुढं बसवल्यासारखं दिसतं ते.

त्यांनी झाकण उघडलं.
आतून ओरखडे.
घडीसाज काम झालं की सुईनं तिथं तारीख टोचतात,
घड्याळाचा केसपेपरच तो.
दोन नोंदी इंग्रजी, एक नुसती फुली,
एक उर्दू आकड्यांत.
भिंग डोळ्याला लावून ते तिच्यावर थांबले.
तेराशे सत्तावन्न. फसली.
"हा पाच बघा," म्हणाले, "उलट्या बदामासारखा,
टोक वाकडं.
आमच्या दादांचा हात."

फसलीत पाचशे नव्वद मिळवायचे.
मी मनात मिळवले. त्यांनीही मिळवले असणार.
त्या वर्षी ह्या मुलखात जे झालं
ते त्यांच्या घरात एका तऱ्हेनं सांगतात,
आमच्या घरात दुसऱ्या,
दोन्हीकडं आवाज खाली करून.
आणि त्याच वर्षी कुणीतरी
ह्या दुकानाची पायरी चढलं होतं,
घड्याळ मागं पडतंय म्हणून.
दादांनी श्वास धरून
मोहरीएवढं तेल दिलं होतं.
किती पैसे घेतले असतील?

चहा आला.
आम्ही दोघांनी तो बशीत ओतून प्यायला.
बशीरोद्दीन दादांविषयी बोलतील असं वाटलं.
ते स्प्रिंगविषयी बोलले.

पंधरा दिवसांनी घ्यायला गेले.
म्हटलं, तुमचीही नोंद टाका.
"साल कोणतं लिहू?"
तुम्हाला हवं ते.
त्यांनी माझ्याकडं पाठ केली, टेबलावर वाकले,
झाकण दाबून बंद केलं, टक्.

दिवसाला चार मिनिटं मागं पडतं.
रात्री लाईट गेली की कानाशी धरते.
सेकंदाला पाच ठोके, म्हणजे मोजतं तेही,
फक्त कुणाला दाखवत नाही.
माझी बोटं सवयीनं
माझ्याच मनगटावर जातात, मग मी ती काढून घेते.

झाकण उघडायला पातळ पातं लागतं,
ते माझ्याकडं आहे.
सून विचारते, बघितलं का काय लिहिलंय?
अजून नाही.