आखाजीचा स्कोअर

सावद्याला, केळीच्या वखारीला लागून
सुपडू बऱ्हाटेचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान.
मागच्या खोलीत चौदा इंची पोर्टेबल, दोन रिमोट
आणि पिवळ्या कॅसेटातला छत्रीवाला बेडूक.
अर्ध्या तासाला दोन रुपये.
"फुकू नका रे, थुकी जाते आत,"
सुपडू ओरडायचा, आणि मग स्वतःच फुंकायचा.

बेडूक कुठल्या मुलखातला, कुणी विचारलं नाही.
भुसावळला उतरला असेल पार्सलच्या डब्यातून,
पुढे एसटीच्या टपावर.
वर्षभरात सावद्याचा झाला:
गणपतीच्या आराशीत थर्माकोलचा पूल,
पुलावर तोच, छत्री उघडून.
संक्रांतीला पतंगांवर.
झोपेंच्या वरातीत कॉर्नेटवाल्यानं
पहिल्या लेव्हलची चाल धरली
तर नवरदेवाचा चुलता, पतपेढीचा चेअरमन,
फेटा सांभाळत नाचला.
आईसुद्धा म्हणायची,
"ते पॉज कर अन् जेवाले ये."

फक्त कॅसेटात सेव्ह नव्हतं.
लाइट गेली की अकराव्या पुलावरून
थेट पहिल्या तळ्यात.
पैसे वीज मंडळाकडून मागा, म्हणायचा सुपडू.

त्या आखाजीला कुमुद माहेरी आली,
लग्नानंतर पहिल्यांदा.
निंबाला झोके. पारावर पत्ते,
आखाजीच्या पत्त्यांना कुणी रागवत नाही.
झोक्यावरून उतरली आणि म्हणाली, चल.
तिथं मुली येत नाहीत, मी म्हणालो.
"आज एक येईल."

हिरवा चुडा कोपरापर्यंत सारला,
तरी दर उडीला वाजत होता.
कधी शिकली, कुणाला कळेना.
मागच्या खिडकीच्या जाळीशी
रॉकेलची रांग लागायची दर महिन्याला;
चार वर्षं ती रांगेत उभी होती,
डबा हातात, डोळे आत.

सुपडूनं पंखा बंद केला, लोड नको म्हणून.
पंचेचाळीस डिग्रीत बावीस पोरं
श्वास धरून.
सतराव्या पुलाखालचं पाणी जांभळं असतं
हे सावद्याला त्या दुपारी कळलं.

मग लाइट गेली.

कुणी ओरडलं नाही.
सुपडूनं काडी पेटवली, खडू शोधला,
भिंतीवर लिहिलं: कुमुद, ८७४००.

ती धरणगावला गेली, सासरी.
दर दिवाळीला सुपडू चुना मारायचा,
तेवढी वीतभर जागा सोडून.

आता तिचा पुष्कर कानांवर हेडफोन चढवून
ब्राझीलच्या पोरांशी भांडतो, अस्सल धरणगावी शिव्यांनी.
त्याचं मशीन सगळं लक्षात ठेवतं.
"मम्मी खेळायची? मामा, प्रूफ?"

सुपडू नाही आता.
सून साड्यांना फॉल-पिको करते तिथं.
तिनं आणि मी मिळून कपाट सरकवलं,
कोळिष्टकं झाडली,
मोबाइलच्या उजेडात फोटो काढला, पाठवला.

कुमुदचं उत्तर लगेच:
"एक शून्य पुसलंय. सांग त्याला."