दहा केल्विन, ताळगाव पठार

हेलियमचे पिंप बेंगळुरूहून आले
ते अनमोड घाटात एक रात्र अडकून.
कायतानने पत्र्याला कान लावला, म्हणाला,
चवदा तास. फार तर पंधरा.

स्फटिक कणीएवढा. त्यात एक सुटी साखळी,
कार्बनमागे कार्बन, कार्बनमागे कार्बन,
खाजनातल्या बांधासारखी:
पुढे जा, नाही तर मागे ये,
बाजूला पाय ठेवायची सोय नाही.

लेझर पडला की एक इलेक्ट्रॉन जागचा उठतो.
लांब जात नाही, परतही बसत नाही,
आपण सोडलेल्या रिकाम्या जागेभोवती घोटाळतो.
त्या दोघांना, म्हणजे त्याला आणि त्या नसण्याला,
आम्ही एकच धरतो. एक्सायटॉन.

तो कुठे असतो?
बाराव्या कार्बनवर? बारा हजाराव्या?
पुस्तक म्हणते, सगळीकडे, एकाच कलेत.
हे वाक्य मला चार वर्षे नुसते पाठ होते.
मग पौषात पार्सेला मांडावर धालो बघत होते,
एकमेकींच्या कमरेला हात घातलेल्या अकरा बायका,
आणि कडेच्या म्हातारीला विचारले,
आधी पाऊल कुणी टाकलं?
ती म्हणाली, पावल एकूच गे बाय.

पहाटे दोन. दहा केल्विन.
शिरवईकर मॅडमनी आरसा केसभर सरकवला,
साखळीच्या दोन टोकांचा तांबूस उजेड
एकमेकांवर आणून ठेवला.
ती टोके अनोळखी असती
तर पडद्यावर नुसता डाग पडला असता.
पट्ट्या आल्या.
उजळ, काळी, उजळ, काळी.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
मॅडमनी चष्मा पुसला, परत घातला.
कायतान वाकून बघत होता:
उजवाडांत उजवाड घालून काळोख जाता?
मी नुसते हो म्हटले.
समजावायला वेळ नव्हता, हेलियम उडत होता.

पाच वाजता आकडे चढू लागले.
चवदा. एकोणीस. सव्वीस.
जाळीतल्या अणूंची चुळबुळ सुरू झाली.
तिशीला मॅडम म्हणाल्या, पट्ट्या आहेत अजून.
मी म्हटले, नाहीत.
चाळिशीला आमचे एकमत झाले.

उजेड कमी झाला नव्हता, हे वहीत लिहिले.
साखळी तुटली नव्हती, हेही.
फक्त या टोकाला
त्या टोकाचा ठेका लागेनासा झाला.
ही शेवटची ओळ मी खोडली,
प्रबंधात चालत नाही.

सकाळी रिकामे पिंप खाली न्यायचे होते,
एक चाक मोडलेले, पायऱ्या सात.
एका कडीला मी, एका कडीला कायतान.
त्याने परत तोच प्रश्न काढला, काळोखाचा.
सांगते, म्हटले, आधी पाऊल जुळव.
एक, दोन.
तिसऱ्या पायरीवर तो आधी उतरला की मी, कोण जाणे,
पिंप ठण्णकन आपटले,
आणि पठारावर बराच वेळ
त्याचाच आवाज.