पायगुण

शुक्रवारी पहाटे रुवीहून आम्ही अकरा जण निघतो,
तीन गाड्या, थर्मासात चहा, डब्यात थालीपीठं.
नऊच्या आत वादीत उतरलेलं बरं,
नंतर दगड बोलू देत नाहीत.

अल हमराच्या वर, खजुरांच्या पाठीमागे
खलफान बिन हुमैद वाकून वाट मोजतो,
वितीने.
वडिलांच्या वेळी दोन विती, एका गाढवापुरती.
त्याच्या लग्नात चार.
गेल्या साली नऊ.
आज चौदावर थांबला,
हात झटकले आणि म्हणाला, या, कॉफी घ्या.

वाट लागली म्हणजे काय
हे मला अरबीत सांगता आलं नाही.

या वळणावर दगडांची पहिली चळत मीच रचली होती,
पाच दगड, कुणी चुकू नये म्हणून.
आता साठ-सत्तर आहेत,
कुठेच न नेणाऱ्या, फोटोपुरत्या.
दगड उचलला की खालची बाजू किंचित गार लागते.
तिथे कोण राहत होतं, आम्ही विचारलं नाही.
एकदा फक्त एक पाल, नखाएवढी,
अचानक आलेल्या उन्हात
कुठे पळावं ते ठरवत राहिली.

डोहात पाय सोडले की मासे येऊन टाचा टोकरतात.
सुमेधा म्हणते, फुकटचं पेडिक्युअर.
मग पाण्यावर सनस्क्रीनचा तवंग सरकतो,
दिसतो सुंदर, हेच वाईट.
खाली फलजचं पाणी घड्याळावर वाटलेलं,
शेवटच्या वाफ्याला अर्धा तास.
तो अर्धा तास आमच्या पायांवरून जातो.

रात्री गॅलरीत मोजे झटकतो. कुसळं.
कुठल्या वादीतली, सांगता येत नाही,
महिन्याला चार चालतो आम्ही.
रंगाच्या रिकाम्या डब्यात मूठभर माती होती,
तिच्यात काहीतरी उगवलं,
बारीक, करवती पानाचं.
तीन आठवडे कौतुकाने पाणी घातलं,
फोटो खलफानला पाठवला.

उशिरा उत्तर आलं: हे आमचं नाही.
मग आणखी उशिरा:
गेल्या सालापासून वाटेकडेला दिसतं.
शेळ्या तोंड लावत नाहीत.

आमच्याकडे नवं माणूस घरात आलं
की पायगुण बघतात.

रोप अजून उपटलेलं नाही.
येत्या शुक्रवारची नावं सतरा झालीत.
बुटांचे तळ घासायला
दातांचा एक जुना ब्रश
पिशवीत टाकून ठेवलाय.