पथारीवर

नंदुरबारला, पथारीवर,
दिवाळीनंतर जमीन दिसत नाही.
नुसती लाल.
आम्ही नवापूरकडच्या बाया देठ खुडतो,
नाकाला पदर बांधून खोकतो.

मुकादम म्हणाला, रिबका, रात्री थांब.
पाइप धर, ढिगावर पाणी मार,
क्विंटलमागे चार किलो वाढतं.
दुप्पट हजेरी.
नको म्हटलं.
तो हसला, "तुना देव काय काटावर बठेल शे का?"

बसलेला आहे, असं मी म्हणाले नाही.
तेव्हा सुचलंच नाही.
टोपली उचलली आणि निघाले.

पाइप धरला दीनानं, माझ्याच जावेनं,
रविवारी माझ्या शेजारी बसून
जी सगळ्यांत उंच आवाजात गाते.
तिच्या पोराची फी भरली गेली,
माझ्याची राहिली.

हन्नोखदादा, मंडळीचे पंच,
त्यांनीही मतांचं पाकीट शास्त्रातच ठेवलं,
स्तोत्रांच्या आसपास कुठेतरी.
कोणाला बोलू?
त्या पैशांचं मटण मीही जेवले,
आणि रस्सा पुन्हा मागितला.

पोरगा विचारतो, आये, कोणाला कळलं असतं?
पाणी तर उडूनच जातं.
मी चूल फुंकत राहते.

प्रभुभोजनाची भाकर हातात आली
तेव्हा बोटं अजून जळत होती.
खुडणाऱ्या बायांनी
प्रार्थनेत डोळे पुसायचे नसतात.
वाहू द्यायचे.

दीनानं प्याला पुढे केला.
तिचीही बोटं तशीच,
नखांपर्यंत लाल.
जरा वेळ लागला मला.
मग घेतला.